तीन तासांच्या आतला बेळगावकर

एकलहऱ्यातून पहाटे मॅरेथॉनच्या सरावाला निघता ना? मग फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव माहीत असू द्या. बेळगावकडचा गडी. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सहा जणांचा संघ गेला. त्यात चौगुले होते. मॅरेथॉन तेव्हा ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच! चौगुले १९वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं. फिनलंडचा विजेता कोलेहमायनेन १८ मिनिटं पुढे होता. पदक नाही, म्हणून आपण त्यांना विसरलो? हे काही पटत नाही. तीन तासांच्या आत यायला आजचे हौशी धावपटू भारी शूज आणि जीपीएस घड्याळ घालून वर्षानुवर्षं घाम गाळतात.