माँटेसरी, परीकथा आणि ताराबाई

उडता घोडा, बोलणारा वाघ, जादूची कांडी फिरवणारी परी. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती अशा चित्रांचे पुस्तक द्यावे की नाही, हा प्रश्न आज दुकानात उभ्या असलेल्या पालकांना सहसा पडत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र बालशिक्षणाच्या क्षेत्रात तो गंभीर वादाचा विषय होता. महाराष्ट्रात बालवाडी रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांची जडणघडण त्याच काळात झाली.

प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या घरी १८९२ मध्ये ताराबाईंचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळी एखाद्या भारतीय स्त्रीला क्वचितच लाभणारे हे पद सोडून १९२३ मध्ये त्यांनी भावनगर गाठले. तेथे गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवीत होते.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर दोघांचीही श्रद्धा होती. परंतु माँटेसरीबाईंना लहान वयातील परीकथा मान्य नव्हत्या. मुलाने आधी खऱ्या वस्तू हाताळाव्यात, खरे जग ओळखावे. कल्पनाशक्ती त्या अनुभवावर उभी राहते, राक्षस-पऱ्यांवर विश्वास ठेवायला लावणे म्हणजे भाबडेपणाला खतपाणी घालणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिरात मानाचे स्थान दिले, लोककथा गोळा केल्या आणि १९२५ मध्ये कथाकथनाचे शास्त्रच लिहून काढले. त्यांच्यासह ताराबाईंनी गुजरातीत मुलांसाठी छोट्या पुस्तिका संपादित केल्या. पुढे मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. गुरूचे साधन घ्यावे, पण आपल्या मातीतली गोष्ट सोडू नये, ही भावनगरची शिकवण म्हणता येईल.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरते हे शिक्षण राहू नये, या ध्यासाने १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव. महागडी माँटेसरी साधने येथे कोण विकत घेणार? शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. त्यातून अंगणवाडी जन्मली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. या कामात अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर हलली.

या पाड्यांवर छापील चित्रपुस्तक नव्हते, पण चित्रे भरपूर होती. वारली घरात लग्न असले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते, शेजारी घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो, झाडाझुडपांत पशुपक्षी असतात. येथील बालक अद्भुताशी घरीच, आईच्या हातच्या रेघांतून परिचित होते. पऱ्यांवरचा शहरी वाद येथे काहीसा परकाच वाटतो. शिवाय या मुलांना खरे जग दाखवण्याची कोणाला गरज नव्हती. रान, गुरे आणि भूक त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांना हवी होती ती आपल्या बोलीतली गोष्ट आणि ती सांगायला निवांत बसणारे कोणीतरी. बालवाडीने गाणी आणि गोष्टी दिनक्रमात ठेवल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे.

१९६२ मध्ये ताराबाईंना ‘पद्मभूषण’ मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्याच दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून वारली चित्रे भिंतीवरून कागदावर उतरू लागली होती.