इतिहासाचार्य राजवाडे आणि जुनी दप्तरे

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी वेशीबाहेर एखादे पडके देऊळ असते. त्याच्या आसपास शेंदूर फासलेले दोन-चार वीरगळ उभे असतात, एखादी सतीशिळा असते, ओढ्याच्या काठी कुणा सरदाराची नाहीतर साधुपुरुषाची समाधी असते. ती कुणाची म्हणून गावात विचारावे तर दहाजण दहा नावे सांगतात. गुरे त्या दगडांना पाठ घासतात, पोरे त्यावर चढून बसतात. तरीही दगड तो दगड. ऊनपाऊस सोसून तो शे-दोनशे वर्षे उभा राहतो. कागदाला मात्र हे भाग्य नाही. वाळवी, उंदीर, पावसाळ्यात गळणारे माळवद आणि घरातील माणसांची अनास्था या चौघांपुढे त्याचा निभाव लागत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासाचे किती कागद वाण्याच्या पुड्यांना गेले आणि किती बंबात जळले याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही. जे वाचले त्यांतील फार मोठा भाग एका तिरसट, एकांड्या आणि विलक्षण बुद्धीच्या माणसाने वाचवला. ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म 1863 साली कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि पुढचे बालपण पुण्याजवळच्या वडगावात नातेवाइकांकडे गेले. थोरले बंधू वैजनाथराव हे पुढे निरुक्ताचे गाढे अभ्यासक म्हणून नावाजले. विश्वनाथराव डेक्कन कॉलेजात शिकले, पण नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तकेच त्यांनी अधिक वाचली. परिणामी बी. ए. ची परीक्षा पदरात पडायला 1890 च्या आसपासचे साल उजाडले. (परीक्षेत रेंगाळणाऱ्या आपल्या मित्रांनी या उदाहरणाचा आधार घेण्यापूर्वी पुढची पस्तीस-छत्तीस वर्षे राजवाड्यांनी काय केले, तेही वाचावे!) काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी केली, ती सोडली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पत्नी निवर्तली. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. यानंतर संसार, नोकरी, सरकारी मानमरातब यांपैकी कशाचाच पाश त्यांना उरला नाही आणि त्यांनी तो लावूनही घेतला नाही.

इतिहासाकडे ते थेट आले नाहीत. आधी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. परक्या भाषांतील थोर ग्रंथ मराठीत आणावयाचे, हा त्यामागील हेतू. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ त्यांनी स्वतः मराठीत उतरवले. मासिक काही वर्षे चालले आणि प्लेगाच्या धामधुमीच्या काळात बंद पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा नेम मात्र त्यांनी जन्मभर पाळला. त्याचा तोटाही झाला. महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांना त्यांचे नाव उशिरा आणि अर्धवटच कळले. राजवाड्यांना त्याची पर्वा नव्हती.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते वाईत. तेथील एका जुन्या वाड्यात पेशवाईतील कागदांचा साठा त्यांच्या हाती लागला. तो होता पानिपतच्या काळातला! ज्या मोहिमेत महाराष्ट्रातील घरोघरचा माणूस पडला, तिच्याबद्दल तोपर्यंत आपल्याकडे बखरींतील वर्णने आणि ग्रँट डफचा इंग्रजी ग्रंथ यांवाचून फारसे काही नव्हते. आता त्या धामधुमीत प्रत्यक्ष वावरणाऱ्या माणसांची पत्रे समोर आली. कुठे दाणापाण्याची टंचाई, कुठे पैशाची ओढ, कुठे फौजेच्या हालचाली. बखरकार युद्धाचे महाभारत करतो. पत्र लिहिणारा उद्या सकाळी घोड्यांना चारा कोठून आणायचा याची चिंता करीत असतो. 1750 ते 1761 या काळातील ही पत्रे 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने, भल्यामोठ्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाली. पहिला खंड तो हाच. पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली.

यापूर्वी कुणी काही केले नव्हते असे नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867 च्या सुमारास विद्यार्थिदशेतच ग्रँट डफच्या चुकांवर बोट ठेवले होते. ‘काव्येतिहाससंग्रहा’ने 1878 पासून बखरी आणि पत्रे छापली होती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दप्तर चाळीत होते आणि साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस साधने जमवीत होते. परंतु खऱ्यांपुढे एक मोठे दप्तर होते आणि पारसनिसांना बड्या लोकांचा आश्रय होता. राजवाड्यांपाशी यांतले काहीच नव्हते. पुण्यातील पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होते. त्याची दारे अभ्यासकांना खऱ्या अर्थाने उघडली ती फार पुढे, 1930 नंतर. तेव्हा खासगी घरांचे उंबरे झिजवणे हाच मार्ग राजवाड्यांना उरला होता.

हे उंबरे झिजवणे म्हणजे काय याची कल्पना आज करणे अवघड आहे. देशमुख-देशपांड्यांचे, कुलकर्ण्यांचे, उपाध्यायांचे वाडे शोधायचे. गाडीरस्ता असेल तेथे गाडीने, नसेल तेथे पायी जायचे. हाताने रांधून खायचे, देवळात नाहीतर ओसरीवर पथारी टाकायची. घरधनी कागद सहजासहजी दाखवीत नसत आणि त्यांचेही अगदीच चुकत होते असे म्हणता येणार नाही. 1852 साली बसलेल्या इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासून कितीतरी घराण्यांची इनामे खालसा केली होती. कागद दाखवला की जमीन जाते, हा धडा लोक दोन पिढ्या विसरले नाहीत. शिवाय भाऊबंदकी होतीच. चुलत घराण्याला वतनाचा पुरावा सापडू नये म्हणून रुमालाची गाठ सुटू न देणारे महाभाग गावोगाव होते. अशा घरात दप्तराला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहिले जाई, पण ते उघडले मात्र जात नसे. उघडायचे ठरले तेव्हा आत भुगा सापडे. राजवाड्यांचा स्वभाव गोड बोलून काम साधणाऱ्याचा नव्हता. तरीही त्यांनी खंडांमागून खंड भरतील इतके कागद मिळवले याचे आश्चर्य वाटते.

कागद मिळाला म्हणजे काम संपले असेही नाही. मोडी अक्षर, त्यात प्रत्येक कारकुनाची लकब वेगळी, शब्द एकमेकांत गुंतलेले, मजकुरात फारसी शब्दांची गर्दी. त्यातून पत्रावर पुष्कळदा नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतेच. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? आता ते साल ठरवायचे म्हणजे पत्रातील माणसे, मुक्कामाची गावे, कुणाच्या मृत्यूचा नाहीतर लग्नाचा उल्लेख, असे धागे जुळवीत बसायचे. राजवाडे हे काम एकटे करीत. त्यांनी लावलेल्या तारखांपैकी काही पुढच्या संशोधकांनी चुकीच्या ठरवल्या. पण त्या चुका दाखवायलाही आधी त्यांनी छापलेलीच पत्रे हाताशी लागली.

एकट्या माणसाच्या हातून हे उरकणारे नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले असावे. 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांचे मोठे साहाय्य राजवाड्यांना लाभले. कुणीही इतिहासप्रेमी माणसाने आपल्या गावातील कागद, ताम्रपट, नाणे, शिलालेखाचा ठसा आणावा, सभेत वाचून दाखवावा आणि मंडळाने तो जपावा व छापावा, अशी ही साधी योजना होती. सरकारी आश्रयावाचून, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर हे काम उभे राहिले. पुढे दत्तो वामन पोतदारांसारख्यांनी ते वाढवले. आज मंडळाच्या संग्रहात लाखो मोडी कागद आहेत. तालुक्याच्या गावचा शिक्षक किंवा वकील फावल्या वेळात इतिहास संशोधन करू शकतो, हा विश्वास महाराष्ट्रात रुजला तो मुख्यतः या मंडळामुळे. माझ्या मते राजवाड्यांच्या बावीस खंडांइतकीच ही कामगिरी मोठी आहे.

पण या माणसाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. राजवाडे पूर्वग्रहांपासून मुक्त नव्हते. वारकरी संतांच्या शिकवणुकीने समाज दुबळा झाला असे ते मानीत, आणि ज्ञातींविषयी लिहिताना त्यांची लेखणी संशोधकाची राहत नसे. मंडळाच्या प्रकाशनातून त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंवर जे लिहिले, त्याने मोठा क्षोभ उसळला. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी 1918 साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याला जळजळीत उत्तर दिले, आणि तो टणत्कार एकट्या राजवाड्यांवर नव्हता, मंडळावरही होता. सर्वांच्या घरचे कागद गोळा करायला निघालेल्या संस्थेला हे शोभणारे नव्हते. ज्याच्या पूर्वजांना आपण हिणवतो तो आपल्या माळ्यावरची पेटी आपल्यापुढे कशाला उघडील?

ज्ञानेश्वरीची हकीकत अशीच चटका लावणारी आहे. बीडकडील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाच्या आधीची आहे, असे त्यांचे मत होते. 1909 साली त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मराठीच्या अभ्यासकांना ही प्रत टाळून पुढे जाता येत नाही. परंतु मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. ती कशी गेली याविषयी नाना कथा सांगितल्या जातात. रागाच्या भरात त्यांनीच ती नष्ट केली, असेही सांगणारे आहेत. कथा काहीही असोत, पोथी आज नाही, आणि म्हणून त्या प्रतीविषयीचा वाद कायमचा मिटवण्याचे साधनही नाही. लोकांच्या घरचे कागद वाचवण्यासाठी रान उठवणाऱ्या माणसाच्या हातून जावी अशी ती वस्तू नव्हती.

मंडळाशीही त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही. मतभेद झाले आणि आपणच लावलेले झाड सोडून ते धुळ्यास गेले. वृद्धत्व येत होते, पण कामाचा झपाटा तोच. शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केले. काव्य लहान आणि प्रस्तावना मोठी. पण त्या प्रस्तावनेमुळे शहाजी हा केवळ शिवाजीचा पिता न राहता स्वतंत्र कर्तृत्वाचा पुरुष म्हणून वाचकांपुढे उभा राहिला. 1924 मध्ये ‘महिकावतीची बखर’ आली आणि उत्तर कोकणचा इतिहास उजेडात आला. इतिहासाकडून भाषेकडे, भाषेकडून समाजरचनेकडे असा त्यांचा प्रवास चालू होता. गावांची नावे, माणसांची आडनावे, बायकांच्या तोंडची गाणी, शिव्या, म्हणी, सारेच त्यांच्या लेखी दप्तर होते. मराठी धातूंचा कोश त्यांनी हाती घेतला होता, आणि चिठोऱ्यांवर टिपणांचा डोंगर साचत होता.

31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. मागे बायकामुले नव्हती, मालमत्ता नव्हती. होती ती टिपणे आणि कागद. भास्कर वामन भट आदी धुळ्याच्या मंडळींनी ती उधळू दिली नाहीत. राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन करून त्यांनी त्यांचे सारे कागद सांभाळले आणि खानदेशातील पोथ्या, मूर्ती व शिलालेखही जमवले. टिपणांतून ‘धातुकोश’ 1937 मध्ये बाहेर पडला, त्यामागोमाग नामांचा व्युत्पत्तिकोशही आला. भारतीय विवाहसंस्थेवरील त्यांच्या लेखांनी त्यांच्या हयातीतच सनातन्यांना हादरा दिला होता. ते लेखन पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती यायला मात्र 1976 साल उजाडले. लेखकाला जाऊन तोवर पन्नास वर्षे होत आली होती.