झोमरफेल्ड यांचा नियम

मी इतिहासाची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाशी आपला संबंध शाळेतच संपला, अशी माझी समजूत होती. पण मेहरूणच्या तलावावर बसले की आता मला हटकून आर्नोल्ड झोमरफेल्ड आठवतात; हा भावाच्या पुस्तकांचा प्रताप. पाण्यातली लाट पायरीच्या कोपऱ्याला वळसा घालून आडोशाला शिरते. प्रकाशही कडेपाशी असाच किंचित वळतो. त्याचे नेमके गणित १८९६ मध्ये झोमरफेल्ड यांनी सोडवले.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८६८ चा, कोनिग्सबर्गचा. वडील डॉक्टर. मूळचे हे गणिती; १९०६ मध्ये म्युनिकला प्राध्यापक झाले आणि तिथलेच होऊन राहिले. हायझेनबर्ग, पाउली, डिबाय, बेथे हे त्यांचे शिष्य. चौघांनाही नोबेल मिळाले; गुरूंचे नाव ८४ वेळा सुचवले गेले, तरी त्यांना नाही.

१९१३ मध्ये बोर यांनी इलेक्ट्रॉनला वर्तुळात फिरवले होते. झोमरफेल्ड यांनी १९१५-१६ मध्ये त्याला ग्रहांसारख्या लंबवर्तुळाकार कक्षा दिल्या. अट एकच : एका पूर्ण फेरीत संवेग आणि अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज प्लांकच्या स्थिरांकाच्या पूर्ण पटीत यावी. म्हणजे चाल न्यूटनच्या वळणाची आणि वर नवा निर्बंध. त्यात सापेक्षता मिसळताच हायड्रोजनच्या वर्णपटातील बारीक रेषांचा हिशेब जुळला. हेलियमपाशी मात्र सारे अडले. १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांनी, म्हणजे घरच्याच शिष्याने, कक्षाच मोडीत काढल्या.

पुढची गोष्ट मला अधिक आवडते. १९२६ मध्ये श्रोडिंगरचे लहरींचे समीकरण आले आणि त्याच वर्षी वेंट्झेल (हेही झोमरफेल्ड यांचेच शिष्य), क्रामर्स व ब्रिल्वाँ यांना स्वतंत्रपणे एक गोष्ट दिसली. लहर पुरेशी आखूड असेल, तर त्या समीकरणातून अंदाजापुरता तोच जुना नियम बाहेर पडतो. बहुधा पूर्णांकात अर्धा मिळवावा लागतो, इतकेच. आखूड लहरींचा प्रकाश सरळ किरणासारखा वागतो, तसेच हे. निजामशाही बुडाली, पण मलिक अंबरची सारापद्धत मागे उरली, असे आम्ही इतिहासात शिकतो. मला तेच आठवले. रेणूंच्या कंपनांचे हिशेब करताना तो नियम आजही वापरतात.

१९२८ मध्ये ते भारतात येऊन कलकत्त्याला रामन यांना भेटून गेले. आपल्या जागी हायझेनबर्ग यावेत ही त्यांची इच्छा नाझी राजवटीत पुरी झाली नाही. १९५१ च्या वसंतात नातवंडांबरोबर फिरताना त्यांना मोटारीची धडक बसली. २६ एप्रिलला ते वारले. ऊष्मागतिकीवरचे त्यांचे पुस्तक तेव्हा अपुरे होते. ते दुसऱ्या दोघांनी पुरे केले आणि १९५२ मध्ये ते छापून आले.