पंखा बंद ठेवणारा डॉक्टर

मी पाटोद्याचा. निजामाच्या काळात आमचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सिकंदराबादही त्याच संस्थानात. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत संपणारे सर रोनाल्ड रॉस मला थोडेफार आपल्याकडचेच वाटतात!

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोड्याला झाला. ओढा कविता, संगीत अन् गणिताकडे. पण वडिलांच्या इच्छेखातर ते डॉक्टर झाले आणि 1881 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागले. 1894 साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन भेटले. हिवतापाचा आणि डासाचा संबंध असावा, हा किडा त्यांनीच रॉस यांच्या डोक्यात सोडला.

आता हे सिद्ध करायचं म्हणजे डास फाडून बघायचा. खरी गोम इथेच आहे. जिवंत डास उडून जातो आणि मेलेला नुसत्या वाऱ्याने! आज प्रयोगशाळेत डासांची नळी बर्फावर ठेवतात किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, की डास निपचित पडतो. गार केलेला डास तर ऊब मिळताच पुन्हा उठतो. बेगमपेठच्या इस्पितळात रॉस यांनी साधा उपाय केला. फाडलेला डास काचपट्टीवरून उडू नये म्हणून पंखा बंद! उकाडा इतका की घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले. शिल्लक राहिलेली एकच आयपीस, तीही तडकलेली.

हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने एका डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेतलं. 20 ऑगस्ट 1897 रोजी त्यातल्याच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाच्या जंतूचे काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून, डास चावल्यानेच तो पसरतो हे त्यांनी दाखवलं. 1902 साली नोबेल मिळालं. 16 सप्टेंबर 1932 रोजी ते लंडनमध्ये वारले.

लॅबमध्ये चांगलं इन्स्ट्रुमेंट नाही म्हणून आपण जर्नल पुढे ढकलतो. रॉस यांच्याकडेही नव्हतं. पण नमुना हलता कामा नये, एवढी एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. आणि हो, तो एक आणा घेणारा हुसेन खानही लक्षात ठेवा. त्याला नोबेल नाही मिळालं, पण त्याच्याशिवाय त्या डासात दिसलं काय असतं?