स्वामी कुवलयानंद

कर्जत स्थानकावर आगगाडीला मागून ढकलणारी इंजिने जोडतात आणि मग ती बोरघाट चढू लागते. खालापूरकडील खेडी व भातखाचरे खाली राहतात, एकामागून एक बोगदे सरतात आणि लोणावळे येते. थंड हवेचे ठिकाण म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु योगाभ्यासाची शास्त्रीय परीक्षा करणारी ‘कैवल्यधाम’ ही संस्था तेथे आहे, हे घाटाखालच्या पुष्कळ मुलांच्या कानावरही नसते. ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी ती स्थापन केली.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतील डभोई येथला. घरची गरिबी होती, पण बुद्धी तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायामविद्या शिकले. पुढे नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींनी त्यांना योगविद्या दिली. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते काही काळ प्राचार्यही होते.

गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती. तरीही गुरूंनी शिकविलेल्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे डोळ्यांनी पाहावे असे त्यांच्या मनाने घेतले. यात धोका होता. यंत्राने प्रतिकूल साक्ष दिली तर? ‘नौली’ म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरविण्याची क्रिया. ती चालू असताना मोठ्या आतड्यात पाणी आपोआप वर ओढले जाते. ते कसे, याचा शोध त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने आरंभिला. आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला, तेव्हा तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी झालेला आढळला. उलगडा झाला! या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. असे प्रयोग प्रसिद्ध करण्यासाठी १९२४ पासूनच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघू लागले.

शरीराप्रमाणे मनाचीही परीक्षा झाली. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्ययन करणारे कोवूर बेहनन हे केरळीय संशोधक लोणावळ्यास आले. स्वामींनी त्यांना आसने व प्राणायाम शिकविले. बेहनन यांनी मग स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायामानंतर लगेच गणिते सोडविणे, रंगांची नावे भराभर सांगणे अशी कामे करून पाहिली, तो त्यांचा वेग वाढण्याऐवजी तात्पुरता मंदावलेला दिसला. १९३७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे निःसंकोच मांडले. योगाने मनास मिळणारी शांतीही त्यांनी नोंदविली. पण मंदावलेला वेग लपविला नाही. ज्या संस्थेत विद्या घ्यावी तिच्याच विद्येविषयी असा निष्कर्ष मांडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक वेंगर आणि त्यांचे सहकारी बागची हे यंत्रे घेऊन भारतात आले. लोणावळ्याच्या योगविद्यार्थ्यांचीही त्यांनी तपासणी केली. योगी हृदय थांबवितात, असा लोकांचा दृढ समज होता. त्यांच्या भारतातील प्रयोगांत मात्र मनगटाची नाडी लागेनाशी झाली तरी विद्युत्आलेखावर हृदयाचे ठोके उमटतच राहिले. छातीचे स्नायू आवळून श्वास कोंडल्याने नाडी क्षीण होत होती, एवढेच.

त्या वेळी स्वामी पंचाहत्तरीच्या घरात होते. योगशिक्षणाचे एक लहानसे महाविद्यालय त्यांनी संस्थेत सुरू केले होते. १९६१ मध्ये योगोपचारांचे रुग्णालयही निघाले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी निवर्तले.