कुमारी ॲमी जॉन्सन : स्वतःचे विमान स्वतः राखणारी वैमानिका

थोरांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी त्यांच्या कीर्तीवर खिळते. ती कीर्ती ज्या दैनंदिन कष्टांतून उभी राहिली, त्या कष्टांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका परदेशी स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या ज्ञातीच्या अंकात सातासमुद्रापलीकडील बाईचे काय प्रयोजन, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात उद्भवेल. त्यास उत्तर इतकेच की, ही मुलगी कोणा सरदार-उमरावाच्या घरची नव्हती. एका सामान्य व्यापारी कुटुंबात ती जन्मली आणि तिच्या साहसामागे तिचे घर उभे राहिले. आपल्या घरोघरी वाढणाऱ्या कन्यांच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या गावी १ जुलै १९०३ रोजी ॲमीचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी. घरात चौघी मुली, त्यांत ॲमी थोरली. शेफील्ड विद्यापीठात शिकून तिने बी. ए. ही पदवी मिळविली आणि पुढे लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत ती नोकरीस लागली. पदवी, नोकरी आणि यथावकाश विवाह, हाच मार्ग तिच्याही पुढे आखलेला होता.

१९२८ साली लंडननजीकच्या स्टॅग लेन येथील विमान क्लबात ती शिकाऊ म्हणून दाखल झाली आणि तो मार्ग बदलला. आरंभी तिची गणना हुशार विद्यार्थ्यांत होत नव्हती. इतरांस जे थोड्या तासांत साधे, त्यास तिला अधिक काळ लागला. तथापि तिने चिकाटी सोडली नाही, आणि जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

येथवर तिच्यात आणि इतर हौशी वैमानिकांत फारसा फरक नव्हता. त्या काळी सधन मंडळी क्लबात येत, विमान उडवीत आणि उतरल्यावर ते कारागिरांच्या हाती सोपवून चहापानास जात. ॲमी मात्र हातमोजे काढून कारखान्यात शिरली. जॅक हंफ्रीज या कुशल अभियंत्याच्या हाताखाली तिने इंजिन खोलणे, व्हॉल्व्ह घासणे, प्लग साफ करणे, पंखांचे कापड शिवणे ही सर्व कामे शिकून घेतली. पहाटे कारखान्यात तेलकट काम करावे आणि नंतर कचेरीत टंकलेखनास बसावे, असा तिचा क्रम काही काळ चालला. पुढे नोकरी सोडून तिने पूर्ण वेळ याच शिक्षणास दिला. डिसेंबर १९२९ मध्ये विमान-देखभालीचा सरकारी परवाना तिने संपादन केला. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

मग तिने एकटीने ऑस्ट्रेलियास जाण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी विमान हवे होते. वापरलेले एक जिप्सी मॉथ विमान ६०० पौंडांस मिळत होते. ही रक्कम तिच्या वडिलांनी आणि वंगणतेलाचे प्रसिद्ध व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून भरली. विमानास हिरवा रंग देण्यात आला आणि त्याचे नाव ठेवण्यात आले जेसन. हे नाव तिच्या वडिलांच्या मासळीच्या पेढीचे व्यापारचिन्ह होते. आपल्या धंद्याची लाज वाटणारी तरुण पिढी आम्ही पाहतो. या पदवीधर मुलीने तर तेच नाव विमानावर रंगवून खंडे पार केली.

जिप्सी मॉथ म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले दुपंखी विमान. दोन उघड्या बैठका, सुमारे शंभर अश्वशक्तीचे एक इंजिन आणि ताशी ऐंशी मैलांच्या आसपास वेग. पंख मागे दुमडता येत असल्याने ते लहान जागेतही ठेवता येई. याच कारणाने खाजगी मालकांत ते लोकप्रिय झाले. परंतु असे विमान बाळगणे म्हणजे दावणीस दुभते जनावर बांधण्यासारखे होते; रोज त्याची निगा राखावी लागे. तेल बदलणे, गाळण्या धुणे, प्लग पाहणे, पेट्रोल टाकीत जाण्यापूर्वी मऊ चामड्यातून गाळून घेणे आणि कापडावर चीर पडली असल्यास ती ताबडतोब सांधणे, ही त्यातील नित्याची कामे. पेट्रोलातील पाण्याचा एक थेंबही समुद्रावर घातक ठरू शके.

५ मे १९३० रोजी तिने लंडननजीकच्या क्रॉयडन येथून प्रयाण केले. तोवरचा तिचा उड्डाणाचा अनुभव शंभर तासांहून कमी होता. जवळ रेडिओ नव्हता. एक जादा पंखा मात्र विमानाच्या अंगास बांधलेला होता. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास अशी मजल मारीत ती सहाव्या दिवशी कराचीस पोचली. वाटेत इराकच्या वाळवंटी वादळात सापडून तिला खाली उतरावे लागले होते. प्रत्येक मुक्कामी इतर प्रवासी विश्रांती घेतात. ही बाई आधी इंजिनाची सेवा करी आणि मग उरलेल्या थोड्या घटकांत झोप घेई.

कराचीहून निघाल्यावर पेट्रोल अपुरे पडल्याने ती झाशीस उतरली. ज्या झाशीचे नाव उच्चारताच मराठी माणसाचे मस्तक राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतीने नमते, त्याच झाशीस या साहसी कन्येच्या विमानाचा पंख मोडला. तेथील सुताराने लाकूड सांधले, शिंप्याने कापड शिवले आणि दुसऱ्या दिवशी ती पुढे निघाली. रंगूनजवळ इन्सेन येथे क्रीडांगणावर उतरताना विमान चरात गेले; चाकांचा सांगाडा, पंख आणि पुढचा पंखा यांची मोडतोड झाली. तेथील अभियांत्रिकी विद्यालयातील मंडळी धावून आली. महायुद्धातील उरलेल्या विमानी कापडाचे सदरे शिवलेले होते, ते उसवून पंखास लावण्यात आले. तीन दिवस गेले आणि त्यांबरोबर विक्रमाची आशाही गेली. जावा बेटावर बांबूंनी पंखास भोके पडली, ती तिने जखमेस लावावयाच्या चिकटपट्ट्यांनी बुजविली. अखेर तिमोर समुद्र ओलांडून २४ मे १९३० रोजी ती डार्विन येथे उतरली. सुमारे अकरा हजार मैलांचे हे अंतर एकटीने तोडणारी ती पहिली स्त्री ठरली. हिंक्लर यांचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडला नाही, परंतु जगाने तिला डोक्यावर घेतले.

येथेच थांबलो तर चरित्र गोड होईल, पण खरे होणार नाही. कीर्तीचा भार तिला पेलणे कठीण गेले. सत्कारांच्या दौऱ्यात ती थकून आजारी पडली. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी विवाह केला, तो १९३८ मध्ये संपुष्टात आला. १९३४ च्या ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत हे दांपत्य बगदादपर्यंत न थांबता आले. पण जबलपूर येथे योग्य प्रतीचे पेट्रोल न मिळाल्याने इंजिन बिघडले आणि अलाहाबादेस शर्यत सोडावी लागली. यंत्र मालकाच्या नावास भुलत नाही, हाच त्यातील बोध. तरीही १९३६ साली केपटाऊनच्या मार्गावर तिने पुन्हा विक्रम केला आणि स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. महायुद्धात विमाने पोचविण्याच्या सेवेत ती रुजू झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत तिचे विमान टेम्सच्या मुखाशी समुद्रात कोसळले. तिला वाचविण्यास बर्फगार पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही अंत झाला. तिचा देह सापडला नाही. वय अवघे सदतीस वर्षांचे. तिचे जेसन विमान मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे.

आपल्या देशातही याच जातीच्या विमानांवर वैमानिक घडले. त्याच मे १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनियर हे तरुण जिप्सी मॉथमधून हिंदुस्थान-इंग्लंड मार्गावर होते, आणि १९३६ साली सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ एकटीने उडविले.

आता आपल्या घरांकडे वळू. ॲमीच्या वडिलांस मुलीची काळजी नव्हती असे कोण म्हणेल? पण काळजीपोटी त्यांनी दार बंद केले नाही. पैसा दिला आणि पेढीचे नावही दिले. मुलीनेही हट्टाआधी विद्या मिळविली. मागणीपूर्वी सिद्धता आणि सिद्धतेनंतर घराचा पाठिंबा, हा क्रम आम्हांस अनुकरणीय वाटतो. आज विमान-देखभालीपासून प्रत्येक यंत्रविद्येची दारे मुलींना कायद्याने खुली आहेत. ती घरातून बंद होऊ नयेत. तुमची कन्या उद्या हातात पाना घेऊ म्हणाली, तर लोक काय म्हणतील हे विचारण्याआधी तिची तयारी किती झाली हे विचारा, आणि ती झालेली दिसली तर तिच्या पाठीशी उभे राहा. इतकी विनंती करून आम्ही हा लेख समाजबांधवांच्या व भगिनींच्या हाती देत आहोत.