वाल्टर नेर्न्स्ट आणि त्यांची पांढरी कांडी

वाल्टर नेर्न्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव पाठ्यपुस्तकांत एका समीकरणाशी आणि उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाशी निगडित आहे. १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही त्यांना उष्मारसायनातील कार्याबद्दलच मिळाले. आम्हांला मात्र येथे त्यांच्या एका अल्पायुषी दिव्याची हकीकत सांगावयाची आहे.

नेर्न्स्ट ह्यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन ह्या गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये मोडते. शिक्षण संपवून ते लाइपझिग येथे ओस्टवाल्ड ह्यांचे साहाय्यक झाले आणि १८८९ साली, ऐन पंचविशीत, त्यांनी विद्युत्घटाचा दाब व द्रावणाची तीव्रता ह्यांचा संबंध सांगणारे समीकरण मांडले. पुढे ते ग्योटिंगेन येथे प्राध्यापक झाले.

त्या काळच्या विजेच्या दिव्यात कोळशाची तार असे. ती निर्वात काचगोळ्यातच टिके, आणि उजेड देई तोही पिवळट. १८९७ साली नेर्न्स्ट ह्यांनी तारेच्या जागी झिर्कोनियम धातूच्या भस्माची बारीक कांडी योजिली. त्यात सुमारे १५ टक्के यिट्रियम धातूचे भस्म मिसळलेले असे. नुसते झिर्कोनियमचे भस्म भट्टीत तापून निवताना स्फटिकाचे रूप पालटते व तडकते. मिश्रणाने ते स्थिर राहते. शिवाय यिट्रियम आपल्यासोबत प्राणवायू कमी आणतो, त्यामुळे स्फटिकात काही जागा रिकाम्या राहतात. कांडी तापली की प्राणवायूचे विद्युद्भारित कण ह्या जागांतून सरकत वीज वाहून नेतात. थंडपणी मात्र ती वीज मुळीच जाऊ देत नाही. म्हणून दिवा लावण्यापूर्वी कांडी तापवावी लागे!

ह्या कांडीचे सारे गुण भट्टीवर अवलंबून असतात. खानापूरकडील कौलांची भट्टी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना कच्चे आणि पक्के भाजणे ह्यांतील भेद सांगावयास नको. आच मंद राहिली तर कणांमध्ये छिद्रे उरतात आणि विजेची वाट तुटते. चौदाशे ते पंधराशे अंशांच्या आचेत कण एकमेकांस घट्ट बिलगतात व वहन सुधारते. पण भाजणे फार लांबले की कण वाढतात, त्यांच्यामधील सीमा कमी होतात, आणि कच्च्या मालातील सिलिकाचा किंचित अंशही त्या थोड्या सीमांवर काचेसारखा पसरून वाट अडवितो. एकाच मिश्रणाच्या दोन कांड्या निरनिराळ्या वीज वाहतात, त्या अशा!

बर्लिनच्या एका कंपनीने ह्या दिव्याचे हक्क विकत घेतले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो झळकला. थोड्याच वर्षांत टंगस्टनच्या तारेने त्याला मागे सारले. नेर्न्स्ट १९०५ साली बर्लिनला गेले. पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन्ही मुलगे पडले. पुढे हिटलरची राजवट त्यांना रुचली नाही. दोन मुलींना तर देश सोडावा लागला. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी आपल्या झिबेले येथील जमीनजुमल्यावर देह ठेवला.

कांडीतील रिकाम्या जागांचे रहस्य कार्ल वाग्नर ह्यांनी त्यानंतर दोन वर्षांनी उलगडले. १९७६ पासून मोटारीच्या धुरातील प्राणवायू मोजावयास हेच भाजलेले मिश्रण वापरतात, आणि त्यात उपजणारा विजेचा दाब १८८९ च्या त्या समीकरणानेच वाचला जातो.